चाल कुणाची?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले. पदे अण्णासाहेब किर्लोस्करांची. चाली मात्र ठिकठिकाणच्या. साकी-दिंडी कीर्तनकारांच्या ओठांवरची, काही वळणे लावणीची, काही कानडी, कारण अण्णासाहेब गुर्लहोसूरचे. ही उसनवारी कुणाला खटकली नाही. संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द देण्याची रीतच होती.

डीजेने स्वतःचे वाजवावे की दुसऱ्याचे, हा आजचा प्रश्न पुण्यात असा जुना आहे.

नाटकवाल्यांनी पुढे चाली लावायला स्वतंत्र माणसे नेमली. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले. पण उसनवारी सुटली नाही: टेंब्यांनी ठुमरी-कजरीचे रंग आणले आणि भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत बसवल्या. ‘एकच प्याला’च्या चालींसाठी बालगंधर्वांनी पुण्याच्या गायिका सुंदराबाईंकडे धाव घेतली. चाल उसनी असली, तरी ती निवडणाऱ्याचा कान अस्सल लागत असे.

रस्त्यावरचा हिशेब वेगळा. गणेशोत्सवातले मेळे दरसाल नवी पदे रचत, कारण विषय ताजा हवा. चाल मात्र लोकांच्या कानावरची, म्हणजे गर्दीला लगेच साथ देता येई. इंग्रज सरकारने बंधने घातली ती शब्दांमुळे; चालींशी त्याला देणेघेणे नव्हते. मेळे ओसरले, मिरवणुकीत ब्रास बँड राहिले आणि सिनेमाची गाणी क्लॅरिनेटवर चढली. बँडमास्तरकडे कुणी स्वतःची रचना मागितली नाही. ओळखीचे गाणे वाजले, की वरातीतले पाय आपोआप उचलले जात.

मग आला डीजे. पुण्यात ‘डीजे’ म्हणजे बहुधा माणूस नव्हेच, ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘यंदा डीजे लावलाय’ असेच म्हणतात. बटणे फिरवणाऱ्याचे नाव कोण विचारतो? कायदाही इथे सैल आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत दुसऱ्याचे गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. हॉटेलातल्या पार्टीला मात्र परवाना लागतो.

याच शहरात २०१०मध्ये ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. तिथे लोक तिकीट काढून गेले ते स्वतःचे संगीत रचणाऱ्यांना ऐकायला. दोन्ही टोके जोडून दाखवली ती न्यूक्लिया, म्हणजे उद्यन सागर या डीजेने. २०१५मध्ये त्याने ‘बास रानी’ हा स्वतःचा अल्बम थेट मुंबईच्या गणेश विसर्जनाच्या गर्दीत लोकांपुढे आणला.

मिरवणुकीतल्या रिमिक्सवाल्यांचीही एक सही असते. जुन्या कोळीगीताला ढोलाचा ठोका जोडायचा आणि गाणे सुरू होताच आपले नाव घुमवायचे: ‘डीजे अमुक, इन द मिक्स!’ संगीतकाराचा उल्लेख कुठेच नसतो. नाटकाच्या पुस्तकात जिथे मूळ गाण्याचे शब्द असत, तिथे आता हे नाव बसले आहे.