रुळायचे कोणी?

मुलगा प्रथमच कॉलेजात गेला की पुढचे दोन-तीन महिने त्याच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच चौकशी करतो, "काय, रुळला का?" मुलगी असेल तर हाच प्रश्न जरा अधिक काळजीच्या सुरात विचारला जातो. प्रश्न मायेचा असतो, यात शंका नाही. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. कॉलेज आपल्या जागी पक्के आहे, त्याचे सारे बरोबरच आहे. आता या नव्या पोराने काय ते वाकावे, वळावे आणि त्यात बसावे! मी उभा जन्म इतिहास शिकविण्यात घालविला. पहिल्या वर्षाचे वर्ग ज्येष्ठ मंडळींना नको असत, त्यामुळे बरीच वर्षे ते माझ्याच वाट्याला आले. ते शिकविता शिकविता या गृहीताविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली, आणि तिचे निरसन करण्यासाठी मी आमच्याच थोर माणसांच्या चरित्रांकडे वळलो. या चरित्रांत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला फार तर एखादे पान मिळते. पण ती सुटी पाने एका ओळीत मांडली, म्हणजे त्यांतून एक निराळाच इतिहास दिसू लागतो.

आरंभ मुंबई विद्यापीठापासून करावा लागतो. १८५७ साली ते स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. कॉलेजांना मान्यता द्यावी, परीक्षा घ्याव्यात आणि पदव्या द्याव्यात, एवढेच त्याचे काम. विद्यार्थी निजतो कोठे, जेवतो कोठे, व्याख्यानातले इंग्रजी त्याला कळते की नाही, हे प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हते. त्याच्यासमोर विद्यार्थी येई तो उत्तरपत्रिकेच्या रूपाने. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे ही ती नावे. आपण ती अभिमानाने घेतो, आणि घ्यावीतच. मात्र पहिल्या वर्षाचा सगळा भार विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकणारी व्यवस्था तेव्हापासूनची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

या व्यवस्थेत जो अडखळला तो दोष कोणाला देई? महात्मा गांधींचे उदाहरण पाहा. १८८७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. आत्मकथेत त्यांनी सरळ सांगितले आहे की, तिथे त्यांना सारेच अवघड वाटले. व्याख्यानांत रस घेणे दूरच राहिले, ती समजतही नव्हती. आणि लगेच ते असेही नमूद करतात की यात अध्यापकांचा दोष नव्हता, ते नामांकित होते. कच्चा होता तो आपणच. पहिले सत्र संपताच ते घरी परतले, ते पुन्हा त्या कॉलेजात गेले नाहीत. घरच्या एका स्नेह्याने विलायतेची वाट सुचविली, म्हणून पुढचा सारा इतिहास घडला. पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलाने व्याख्यान न कळण्याचा सारा दोष स्वतःकडे घ्यावा, ही गोष्ट मला फार परिचयाची वाटते. मागच्या बाकावर बसणाऱ्या शेकडो मुलांच्या चेहऱ्यावर मी ती वाचली आहे.

आता पुण्याकडे वळू. डेक्कन कॉलेजची सुरुवात विश्रामबागवाड्यातली. १८६८ साली ते मुळा-मुठेपलीकडे येरवड्याच्या बाजूस आपल्या नव्या दगडी इमारतीत गेले. १८७३ साली बळवंतराव टिळक तिथे पहिल्या वर्षाला आले. प्रकृती तोळामासा, तेव्हा त्यांनी ठरविले की हे वर्ष शरीराला द्यायचे. तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत ते वर्ष गेले. परिणाम व्हायचा तोच झाला; पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले. पण कमावलेले शरीर जन्मभर उपयोगी पडले, मंडालेच्या तुरुंगातही त्याच पुंजीवर ते तगून राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पहिल्या वर्षी मार खाल्लेल्या मुलांना धीर देण्यासाठी ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. मात्र ती सांगताना तिची दुसरी बाजूही दाखवावी लागते. टिळक श्रीमंत नव्हते, वडीलही नुकतेच निवर्तले होते. तरीही एक वर्ष गेले म्हणून शिक्षण सुटणार नव्हते. नापास होण्यालाही ऐपत लागते, आणि तेवढी ऐपत त्यांच्या घरी होती.

ती ज्यांच्या घरी नव्हती, त्यांचे काय? टिळकांच्याच वयाचे आगरकर १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या मागे कऱ्हाड, रत्नागिरी आणि वऱ्हाड अशी शिक्षणासाठीची भटकंती होती. डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री तो धुवावा, वाळत टाकावा आणि सकाळी तोच अंगात घालून व्याख्यानाला जावे, ही हकीकत सर्वश्रुत आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८८२ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले, तेव्हा त्यांचे थोरले बंधू गोविंदराव दरमहा पंधरा रुपये मिळवीत, आणि त्यांतले आठ धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घरची माणसे कशी राहत असतील! असल्या आठ रुपयांवर शिकणाऱ्या मुलाला एखादे वर्ष तालमीला देता येत नाही. त्याच्या प्रत्येक परीक्षेवर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पोटाचा भार असतो.

तरीदेखील आगरकर आणि गोखले यांना एक गोष्ट न मागता मिळाली होती. कॉलेजच्या दारातून आत जाताना त्यांना कोणी अडविले नाही, आणि पंक्तीला बसण्यास कोणी मना केले नाही. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मिंधेपणा होता, पण सोय होती. ज्यांना ती सोयही नव्हती त्यांचे पहिले वर्ष आणखी निराळे.

मुंबई विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना परीक्षांची दारे उघडली. त्यानंतर कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात आल्या. वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेणारे सहाध्यायी होते, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे विद्यापीठाने दार उघडले, आणि मुलांनी ते पुन्हा लावले! पुढे त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणानुक्रमे विलायतेची शिष्यवृत्ती त्यांना मिळावयाची, पण त्या स्त्री असल्याने ती नाकारण्यात आली.

१९०८ साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. शाळेत संस्कृत शिकण्यास मज्जाव झाला म्हणून ते फारसी घेऊन आले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि प्रा. म्युलर यांनी पुस्तके व कपडे देऊन साह्य केले, असे धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. त्याच चरित्रात आणखी एक गोष्ट आहे : कॉलेजातला उपाहारगृहवाला त्यांना चहा तर राहोच, पाणीही देत नसे. आता विचार करावा. या विद्यार्थ्याला कोणी विचारले असते, "काय, रुळलास का?" तर त्याने काय उत्तर द्यावे? तहान लागली असता पाणी न पिण्याची सवय करून घेणे, याला का रुळणे म्हणावयाचे?

येथे मला एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो जाणत्या माणसांकडूनच येतो. ते म्हणतात, अहो, हालांतूनच माणूस घडतो. ही सारी माणसे मोठी झाली ती त्या हालांमुळेच. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. चरित्रे लिहिली जातात ती तरून गेलेल्यांची. याच कॉलेजांतून पहिल्या सत्रानंतर वळकटी बांधून जे गावी परतले, त्यांनी आत्मवृत्ते लिहिली नाहीत. विद्यापीठाच्या दप्तरात ते फार तर अनुत्तीर्ण किंवा अनुपस्थित म्हणून उरले असतील. पैलतीरी पोहोचलेल्यांना पाहून पूर चांगला होता, असा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. आणि त्या पोहोचलेल्यांनी पुढे काय केले? त्यांना हाल इतके उपकारक वाटले असते, तर पुढच्या मुलांसाठी त्यांनी ते जपून ठेवले असते. त्यांनी नेमके उलटे केले.

ज्या कोल्हापुरात गोखले आठ रुपयांवर शिकले, तिथे शाहू महाराजांनी पाहिले की बहुजन समाजातला मुलगा कॉलेजपर्यंत पोहोचत नाही, याचे मोठे कारण बुद्धी किंवा फी हे नसून शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसणे हे आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला जो प्रश्न दिसला नव्हता, तो एका राजाने भाकरीच्या बाजूने पाहिला.

धोंडो केशव कर्वे १८८४ साली मुंबईत शिकवण्या करीत बी. ए. झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि शिक्षण मातृभाषेतून ठेवले. इंग्रजी हा विषय राहिला, पण ज्ञानाच्या दाराशी पहारेकरी म्हणून त्याला उभे केले नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तिथे कष्ट करून शिकणाऱ्या मुलाला कोणाचे मिंधे व्हावे लागू नये, अशी योजना होती. पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते.

आणि ज्यांना एल्फिन्स्टनमध्ये पाणी मिळाले नव्हते, त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळचे. कारण येणारा मुलगा दिवसा कचेरीत किंवा कारखान्यात नोकरी करणारा असेल, हे संस्थापकांना ठाऊक होते. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ झाली, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी कॉलेजबरोबर वसतिगृहेही आली. वर्गाची वेळ बदलणे ही केवढीशी गोष्ट! पण एका घंटेची वेळ हलविताच किती मुलांचे पहिले वर्ष वाचले असेल! इथे कॉलेजच विद्यार्थ्याशी रुळले.

या साऱ्या इतिहासातून मी एवढेच शिकलो. नव्या विद्यार्थ्याने काही रुळावे लागतेच; पहाटे उठणे, टिपणे काढणे, न समजलेले विचारण्याचे धैर्य करणे, हे दुसरा कोणी त्याच्यासाठी करू शकत नाही. परंतु तो अडखळला, तर अडखळण्याची जागा आधी तपासावी. ती त्याच्या आळसात आहे, की त्याच्या खाणावळीत, भाषेत, एस. टी.च्या वेळेत, की कोणी तोंडावर लावलेल्या दारात? अभ्यासाची उणीव अभ्यासाने भरून निघते. उरलेल्या साऱ्या अडचणी दुसऱ्या कोणीतरी निर्माण केलेल्या असतात, आणि त्या दूरही दुसऱ्यांनीच करावयाच्या असतात.

हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा पहिले सत्र संपत आलेले असेल. मुले-मुली पिशव्या भरून गावी आलेली असतील. शिकविण्याच्या इतक्या वर्षांत दरसाल मला एक गोष्ट दिसे : दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरला की दोन-चार जागा रिकाम्या राहत, आणि हजेरीत ती नावे पुकारून पुकारून महिन्याभराने आम्ही ती पुकारणे सोडून देत असू. घरी आलेल्या मुलाला फराळाचे ताट पुढे करताना यंदा "रुळलास का?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. जेवतोस कुठे, शेजारी कोण बसते, काय कळत नाही आणि ते विचारल्यावर कोण हसते, असे विचारावे. आणि उत्तर मिळाले तर ते घेऊन, सुट्टी संपताच, कॉलेजात जाऊन भेटावे.