चोर सोडून संन्याशाला

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे मिशिगनला होतो. एके सकाळी खिडकीतून पाहतो तर दारातली त्याची एसयूव्ही मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली! टायर पंक्चर नव्हता, चांगला टणक होता. पण मडगार्ड पार चाकावर उतरले होते. चिरंजीवांनी इंजिन सुरू केले, खालून घुर्र असा आवाज आला आणि दोन-तीन मिनिटांत गाडी आळस देत उठावी तशी सरळ झाली. "एअर सस्पेन्शन आहे बाबा. हवा कुठेतरी गळतेय," तो म्हणाला.

या गाडीत पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले जाड रबरी फुगे असतात आणि प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर. माणसे बसली, सामान भरले की गाडी दबते. सेन्सर ते कळवतो आणि कॉम्प्रेसर हवा भरून तिला पुन्हा समपातळीत आणतो. शिवाय बटण दाबले की गाडी थोडी खाली बसते, माणूस चढण्यासाठी उंट बसतो तशी. आमच्या सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. उंच गाडीत तिला चढवणे हे दोघांचे काम. ही जुनी गाडी मुलाने त्या एका बटणासाठी घेतली होती.

वर्कशॉपने सांगितले, कॉम्प्रेसर थकला आहे, बदला. पण आधीच्या मालकाने तो दोनच वर्षांपूर्वी बदलल्याची पावती गाडीत होती! दुसरा पर्याय म्हणजे हे सगळे काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवणे. "एकदाची कटकट मिटेल," मुलगा म्हणाला. सौ. काहीच बोलली नाही. पण मग गाडी खाली बसणार नाही, हे तिला समजले होते.

मी जन्मभर इतिहास शिकवला. पुस्तकांची पाने पुष्कळ उलटली, नटबोल्टचा पाना मात्र कधी हाती धरला नाही. तेव्हा सवयीप्रमाणे मागे जाऊन पाहिले. गंमत म्हणजे आमच्यापुढचा हाच प्रश्न याच मिशिगनमध्ये बनलेल्या गाड्यांच्या मालकांपुढे पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

१९५७ साली डेट्रॉइटच्या कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रॉम ही गाडी काढली. किंमत १३,०७४ डॉलर, म्हणजे त्या काळी केवळ धनिकांची. चारही चाकांवर हवेचे स्प्रिंग! पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने शेव्हरोलेसारख्या मध्यमवर्गीयांच्या गाड्यांतही हा पर्याय देऊ केला. पण हवा गळायची, हवेतली ओल नळ्यांत साचून थंडीत गोठायची आणि एवढी मोलाची गाडी सकाळी दारात फतकल मारून बसलेली दिसायची. कंटाळून अनेकांनी पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. काही वर्षांतच कंपनीनेही तो नाद सोडला.

कल्पनाच चुकीची असती तर ती सगळीकडे फसायला हवी होती. तसे झाले नाही. १९५४ साली आलेल्या ग्रेहाउंडच्या सीनिक्रूझर बस हवेच्याच स्प्रिंगांवर अमेरिकाभर धावत होत्या. २००१ पासून आपल्याकडे आलेल्या व्होल्वो बसही त्याच जातीच्या. मोठ्या बसला ब्रेकसाठी दाबाखालची हवा लागतेच, त्यामुळे तिथे दणकट कॉम्प्रेसर आधीच असतो आणि टाकीत साचलेले पाणी काढून टाकणे हे नेमाचे काम असते. हवा तीच, फरक निगराणीचा.

फ्रान्समधली कथा तर अधिकच बोलकी आहे. सिट्रोएन कंपनीत पॉल माजेस नावाचा गृहस्थ १९२५ साली, अवघ्या सतराव्या वर्षी कामाला लागला. बहुतेक सारे काम करता करता शिकलेला. त्याने भार पेलायला बंद गोळ्यातला नायट्रोजन वापरला आणि उंची राखायला तेल. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनात ही रचना घेऊन सिट्रोएन डीएस अवतरली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या आल्या. ओलीने त्यांनाही छळलेच. पहिले तेल हवेतला दमटपणा शोषून घेई आणि आतले भाग गंजत. पण त्यांनी रचना फेकून दिली नाही, तेल बदलले! १९६७ च्या मॉडेलपासून ओल न धरणारे हिरवे खनिज तेल आले. १९७५ पर्यंत अशा साडेचौदा लाख गाड्या बनल्या.

पुढे संगणकाच्या मदतीने हवेचे स्प्रिंग पुन्हा मोटारींत आले आणि १९९२ साली रेंज रोव्हरमधून या उंच गाड्यांत शिरले.

हे वाचल्यावर मला एकच शंका आली. कॉम्प्रेसर दोन वर्षांत का थकावा? मी सौ.ची शिवणाची टेप घेतली आणि रात्री चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर वहीत लिहिले. सकाळी पुन्हा मोजले. तीन ठिकाणी फरक नगण्य, मागे डावीकडे अडीच इंच. कॉम्प्रेसरचा दोष असता तर एकच कोपरा का बसेल?

मुलाने गाडी भक्कम स्टँडवर घेतली (नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ), सुरू करून फुगा भरला आणि साबणाचे पाणी फवारले. रबराच्या घडीत, जिथे ते रोज दुमडते, तिथे बारीक बुडबुड्यांची माळ उमटली. केसाएवढी चीर! तेवढीच गळती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर पुन्हा पुन्हा धावत होता, तापत होता, झिजत होता. हवा कोरडी करणारा त्याचा ड्रायरही ओलीने भरून निकामी झाला होता. आधीचा कॉम्प्रेसर बहुधा असाच गेला असणार. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि आता दुसऱ्या संन्याशाची पाळी होती.

एक नवा फुगा आणि नवा ड्रायर यांवर काम भागले. जुना कॉम्प्रेसर अजून चालतो आहे.

शाळेतही मी असे केले असेल. ज्याचा आवाज ऐकू आला त्याला उभे केले. खोडी काढणारा गप्पच असायचा. असो.

निघायच्या दिवशी विमानतळावर जाताना मुलाने बटण दाबले. गाडी खाली आली. सौ.ने एका हाताने दार धरले आणि माझा हात न घेता आत बसली.