थकलेली पट्टी

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद दाबायला एक धातूची पट्टी असते. वीतभराहून थोडी लांब, आणि एका भोकातून आरपार तुटलेली; दोन्ही तुकडे मी दोऱ्याने एकत्र बांधून ठेवले आहेत. दिवाळीला घरी येणारी मुले ती उचलतात आणि विचारतात, "आजोबा, हे काय आहे?" मी म्हणतो, "ही तुमच्या आक्काआजीच्या मांडीत होती." मग मुले ती पटकन खाली ठेवतात.

आक्का माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी मागच्या अंगणातल्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि मांडीचे हाड गुडघ्याच्या चार बोटे वर मोडले. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसली, आक्का घरी आली. पाचव्या महिन्यात खुर्चीवरून उठताना 'कट्' असा आवाज झाला. पट्टी तुटली होती. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात एकच खटला चालू होता आणि आरोपी आक्का होती. "सांगितलं होतं, इतक्यात तुळशीपर्यंत जाऊ नकोस!" जो तो हेच म्हणे. आक्का उत्तर देत नसे. छताकडे बघत पडून राही.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे धातूचे तुकडे ओढून, वाकवून, पिळून तोडण्याचा पगार घेतला. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तुकडे माझ्या हाती दिले, तेव्हा सवयीने मी तुटलेली कड भिंगाखाली धरली. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक, वक्र रेघा, एकामागून एक. अशा रेघा मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या. एका धक्क्याने तुटलेल्या धातूवर त्या दिसत नाहीत.

ही ओळख रेल्वेने पटवून दिली. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासांहून अधिक माणसे मेली. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर नावाच्या इंजिनिअराने आस फिरवून फिरवून तोडण्याची यंत्रे बांधली आणि दाखवून दिले की एकदा लावला असता आसाचे काहीच बिघडत नाही, असा भार लाखो वेळा लावला तर तोच आस तुटतो. लोखंड थकते. आम्ही विद्यार्थ्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवत असू. पण तो आस माझ्या बहिणीच्या मांडीत असेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

हाडाला धातूची पट्टी जोडण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या हान्समानची. 1886 साली त्याने ती प्रसिद्ध केली. पट्टीचे टोक आणि स्क्रूंचे दांडे तो कातडीबाहेर ठेवी, म्हणजे काम झाल्यावर काढायला सोपे! लंडनचा आर्बथनॉट लेन जंतूंना इतका भिई की जखमेला हातमोज्याचे बोटही लागू देत नसे. सारे काम लांब दांड्याच्या हत्यारांनी. अँटवर्पचा आल्बिन लाँबोत मला या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो. तो आपली हत्यारे स्वतः घडवी आणि फावल्या वेळात व्हायोलिन बनवी. लाकूड किती ताणले की गाते आणि किती ताणले की चिरते, हे ज्याच्या हातांना ठाऊक, त्याच्या हाती माझे हाड द्यायला मला हरकत वाटली नसती.

पण या पट्ट्या गंजत आणि तुटत. पिट्सबर्गच्या पोलाद कंपनीचा डॉक्टर शर्मन याने 1912 साली व्हॅनेडियम घातलेल्या पोलादाची, अधिक चांगल्या घडणीची पट्टी आणली. मोडणे कमी झाले, गंजणे राहिलेच. 1937 साली टेक्सासच्या व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवले की शरीरातल्या क्षारयुक्त पाण्यात दोन निराळे धातू एकत्र आले की विजेची बॅटरीच तयार होते आणि हाड कुरतडले जाते. एवढे कळायला अर्धे शतक गेले. त्या काळात आपल्याकडे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत होते; निदान कामट्या गंजत तरी नव्हत्या.

ब्रुसेल्सच्या रोबेर दानिसने 1949 साली निराळीच गोष्ट सांगितली: हाडाची दोन टोके पट्टीने एकमेकांवर घट्ट दाबून धरली, तर ती मधे गाठ न धरता सरळ जुळतात. स्वित्झर्लंडचा तरुण सर्जन मॉरिस म्यूलर दुसऱ्या वर्षी त्याला भेटून आला तो भारूनच. 1958 च्या नोव्हेंबरात बील गावी तेरा स्विस सर्जनांनी मंडळ स्थापले. पुढच्या वर्षी, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध असलेल्या दावोसला त्यांची प्रयोगशाळा निघाली. घड्याळांच्या त्या देशात धातूशास्त्रज्ञ आणि हत्यारे बनवणारा कारागीर त्यांना शेजारीच मिळाले. प्रत्येक रोग्याची नोंद एका ठिकाणी जमा करायची, हा नियमही त्यांनी घातला. ताठ, हलूच न देणारी पट्टी हे त्यांचे ध्येय.

गुडघ्याजवळ मात्र हे ध्येय अडले. मांडीचे हाड वर नळीसारखे कठीण असते. खाली ते रुंदावते आणि आतून पावासारखे जाळीदार होते. पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो आणि नेमकी तिथेच पायाची मुख्य धमनी असते. 1967 साली न्यूयॉर्कच्या नीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 110 अस्थिभंगांचा हिशेब मांडला, तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षा वजन टांगून पडून राहिलेल्यांचेच पाय अधिक बरे निघाले! पुढे हाडात रुतणाऱ्या पात्याची, काटकोनाहून पाच अंश अधिक वळलेली पट्टी स्विसांच्या पद्धतीने काळजीपूर्वक बसवू लागले, तेव्हा पारडे फिरले. तरी म्हाताऱ्या माणसांच्या पोकळ हाडात स्क्रू कुजक्या लाकडातल्या खिळ्यासारखे सैल होत. 1990 नंतर स्क्रूच्या डोक्यालाही आटे पाडून ते पट्टीच्या भोकातच पिळून बसवण्याची युक्ती आली. आक्काची पट्टी याच जातीची.

अशा पट्ट्यांची परीक्षा कशी घेतात, हे वाचताना मला आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेल्यासारखे वाटले. मृत माणसाचे दान मिळालेले, किंवा काचतंतू आणि फेस यांचे बनवलेले हाड घेतात. गुडघ्याच्या वर करवतीने बोटभर रुंदीचा तुकडाच काढून टाकतात, म्हणजे चुरा झालेल्या हाडाप्रमाणे सारा भार पट्टीवर यावा. वर पट्टी बसवतात आणि यंत्रात उभे करून चालताना पडतो तसा दाब देतात. एकदा नव्हे, हजारो, लाखो वेळा. किती लवते, कधी वाकते, कधी तुटते, हे टिपतात. परीक्षा कडक आहे. पण यंत्रातले हाड जुळत नाही, आणि माणसाच्या मांडीतली खरी शर्यत तीच असते: आधी हाड जुळते की आधी पट्टी थकते? हाड जुळले की भार ते स्वतः घेते आणि पट्टी सुटते. न जुळले तर कितीही जाड पट्टी आज ना उद्या जाणारच.

आणि इथे इतिहासाने गंमत केली. दावोसच्याच स्टेफान पेरेनने 1970 च्या दशकात मांडले होते की फटीतली हालचाल फार झाली तर हाड जुळत नाही, पण अगदीच नसली तर नवे हाड धरायला चिथावणीच मिळत नाही. आटे पाडलेल्या पट्टीचे ताठपण अनेकदा गरजेहून जास्त ठरले. 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गुडघ्याजवळच्या अशा अस्थिभंगांची क्ष-किरण चित्रे मोजली, तेव्हा नवे हाड असमान धरलेले आढळले. त्यांच्यातल्याच पोर्टलंडच्या मंडळींनी मुद्दाम लवचिक राहणारे स्क्रू करून पाहिले. यंत्रात ताठपणा चार-पंचमांशाहून अधिक घटला, मजबुती मात्र जवळजवळ तशीच राहिली. मेंढ्यांच्या पायांत नवे हाड अधिक आणि सर्व बाजूंनी धरले. सव्वाशे वर्षे सर्जन ज्या लवण्याला शत्रू समजत आले, ते थोडे थोडे परत बोलवावे लागले.

आक्काच्या दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवले. पट्टी लांब घेतली. मोडलेल्या जागेच्या अगदी जवळची भोके मोकळी ठेवली, म्हणजे पट्टीचा लांब भाग थोडा लवेल आणि ताण एकाच भोकाशी साचणार नाही. शिवाय कमरेच्या हाडातून थोडे हाड काढून त्या फटीत भरले. पहिल्या वेळी हाड का जुळले नाही? वय होते, मधुमेह होता, भोके शेजारीशेजारी भरली होती. यांपैकी कोणाच्या माथी किती दोष मारायचा, ते मला ठरवता येत नाही आणि डॉक्टरांनीही ठरवले नाही.

एक मात्र मी घरात सर्वांना बसवून सांगितले. पट्टी तुळशीपर्यंत गेल्याने तुटली नाही आणि खुर्चीवरून उठल्यानेही नाही. तडा त्याआधी कित्येक आठवडे पुढे सरकत होता. तेवढ्यात आक्काने काठी घेऊन पन्नासेक हजार पावले टाकली असतील, आणि तेवढी टाकायला तिला डॉक्टरांनीच सांगितले होते. शेवटचे पाऊल निमित्ताचे. आक्का ऐकत होती. म्हणाली, "ते भिंग इकडे दे."

सात महिन्यांनी हाड जुळले. मागच्या दिवाळीत ती काठीशिवाय माझ्या खोलीत आली, पट्टी दिव्याखाली धरून रेघा मोजू लागली. मी म्हटले, "आक्का, एक रेघ म्हणजे एक पाऊल असं नसतं गं, आणि पुष्कळशा भिंगातूनही दिसत नाहीत." ती तेविसापर्यंत पोचली, तेवढ्यात आतून चकलीचे तेल तापल्याची हाक आली, आणि ती उठून गेली.