सामायिक चुकांची पद्धत

सामायिक चुकांची पद्धत ही एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांचे परस्परसंबंध ठरवणारी पाठचिकित्सेतील तर्कपद्धती आहे. ती जर्मन विद्वान कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखली जाते. अचूक पाठ कोणत्याही प्रतीत मूळ ग्रंथातून आलेला असू शकतो. त्यामुळे त्यातील साम्याने जवळचे नाते सिद्ध होत नाही. मात्र योगायोगाने घडणे कठीण अशी एकच चूक दोन प्रतींत आढळल्यास, एक प्रत दुसरीवरून उतरलेली आहे किंवा दोन्हींची पूर्वज प्रत एकच आहे, असे अनुमान निघते. लेखनिकाने अनेक प्रती ताडून पाहिल्या असल्यास निरनिराळ्या शाखांतील पाठ मिसळतात व वंशावळ मांडणे अवघड होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि.स. सुखटणकर यांना हीच अडचण आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली.