महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, वंडूर

अंदमान-निकोबारमधील सागरी राष्ट्रीय उद्यान. दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, श्रीविजयपुरमपासून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) सुमारे 30 किमी. स्थापना 1983, क्षेत्रफळ सुमारे 281 चौ. किमी. लॅबिरिंथ समूहातील 15 बेटे, त्यांमधील खाड्या व खारफुटी उद्यानात मोडतात.

उद्यानाचे खरे वैभव पाण्याखाली आहे: तिथले प्रवाळ. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणाने त्याला अन्न व रंग देतात. पाणी फार तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. 2010 च्या उष्ण उन्हाळ्यात येथे असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणूनच आधीच नाजूक असलेल्या प्रवाळावर पाय देणे किंवा त्याचा तुकडा उचलणे ही साधी चूक मानता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाच आहे.

पर्यटकांसाठी जॉली बॉय व रेडस्किन ही दोन बेटे आलटून-पालटून खुली ठेवतात. साधारणपणे कोरड्या हंगामात जॉली बॉय, पावसाळ्यात रेडस्किन. वनखात्याचा परवाना घेऊन वंडूर जेट्टीवरून बोटीने जावे लागते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ, विदूषक मासे, समुद्रकाकड्या दिसतात. बेटांवर मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सेल्युलर जेल पाहण्यासाठी अंदमानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी वंडूरसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.