अज्ञाताकडे आणि परत

अमेरिकेतल्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडची मंडळी एल्व्हिस, बॉब डिलन, मायकल जॅक्सन इथपर्यंत सहज येतात. पंक रॉकचं नाव काढलं की मात्र चेहरे कोरे. फार तर कुणीतरी विचारतं, "कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस उभे करून बोंबलतात, तेच ना?" हो, तेच. पण या बोंबलण्याचाही एक इतिहास आहे, त्यात घराणी आहेत, सोवळं-ओवळं आहे, आणि बाटलेल्यांना वाळीत टाकणंही आहे. आज त्यातल्या वाळीत टाकण्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. पंक म्हणजे रॉक संगीताला उपास घडवून काढलेला सांगाडा. गिटारवर तीन कॉर्ड, दोन मिनिटांचं गाणं, सोलो-बिलो काही नाही, आणि वेग असा की ढोलकीवाल्याचे हात गळून पडावेत. न्यूयॉर्कच्या रामोन्स या चौकडीचा १९७६ चा पहिला अल्बम पाहा: १४ गाणी, एकूण २९ मिनिटं, ध्वनिमुद्रणाचा खर्च ६,४०० डॉलर. यात क्रांती अशी की कुणालाही वाटावं, अरे, हे तर मलाही जमेल! आणि खरंच जमायचं. गॅरेजमध्ये चार पोरं जमली की बँड तयार.

याच रामोन्सनी १९८० साली फिल स्पेक्टर या बड्या निर्मात्याला हाताशी धरलं. चार वर्षं देशभर व्हॅनमधून फिरूनही रेडिओवर कुणी वाजवत नव्हतं, म्हणून हा खटाटोप. स्पेक्टरने एका गाण्याचा सुरुवातीचा एकच कॉर्ड जॉनी रामोनकडून तासन्‌तास वाजवून घेतला, एका गाण्यात चक्क व्हायोलिनं घातली. अल्बम अमेरिकेच्या यादीत ४४ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा उच्चांक, आणि जुन्या चाहत्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचाही बहुधा उच्चांकच.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट लॉस एंजलिसची.

१९८० च्या सुमारास तिथे पंक ऐकणं हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला नव्हता. केस कापून, फाटकं जॅकेट घालून शाळेत गेलं की मार पडायचा. फुटबॉल खेळणारी दांडगी पोरं मारायची, आणि त्यांच्यातून सुटलं तर पोलीस होतेच. १७ मार्च १९७९ ला मॅकआर्थर पार्कजवळच्या एल्क्स लॉजमध्ये पंकचा कार्यक्रम चालू असताना दंगल-पथक लाठ्या घेऊन आत घुसलं होतं. अशा वातावरणात पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना जे चार-पाच बँड आपले वाटायचे, ते नुसते आवडते बँड नव्हते. तो त्यांचा आडोसा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर पुढचा सगळा आरडाओरडा पोरकट वाटेल.

त्यातलाच एक बँड म्हणजे बॅड रिलिजन. सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या शाळकरी पोरांनी १९८० मध्ये काढलेला. गायक ग्रेग ग्रॅफिन तेव्हा पंधरा वर्षांचा, आईवडिलांच्या घटस्फोटानंतर विस्कॉन्सिनहून आईबरोबर कॅलिफोर्नियात आलेला. सराव आईच्या गॅरेजमध्ये. गिटारवाला ब्रेट गुरेविट्झ दोनेक वर्षांनी मोठा. कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही हे माहीत असल्यामुळे यांनी स्वतःचीच कंपनी काढली, एपिटाफ, म्हणजे थडग्यावरचा लेख. पैसे गुरेविट्झच्या वडिलांकडून उसने. १९८२ चा पहिला अल्बम पोरांनी डोक्यावर घेतला.

आणि १९८३ च्या अखेरीस त्यांनी दुसरा अल्बम काढला, 'इंटू द अननोन'. नाव सार्थ! सुई ठेवली की कानावर येतो सिंथेसायझर. पियानो. अकूस्टिक गिटार. लय निवांत, एक गाणं तर सात मिनिटांचं. थोडक्यात, प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे ज्या लांबलचक पसाऱ्याविरुद्ध पंकने बंड पुकारलं होतं नेमका तोच. बॅसवाला जे बेंटली ध्वनिमुद्रण सुरू होताच बाहेर पडला. गुरेविट्झ नंतर गमतीने सांगायचा की दहा हजार प्रती बाजारात पाठवल्या आणि अकरा हजार परत आल्या.

आमच्या कामाच्या ठिकाणी एक मशिनिस्ट आहेत, लेथवर हात असा की मायक्रॉनची भाषा आम्ही कागदावर करतो आणि ते बोटांनी करतात. वय साठीकडे झुकलेलं, दंडावर फिकट झालेलं गोंदण. एकदा एक फिक्श्चर करून घेताना माझ्या तोंडून बॅड रिलिजनचं नाव गेलं आणि माझं काम तासभर लांबलं. हे गृहस्थ तेव्हा लॉस एंजलिसमध्ये शाळेत होते. 'इंटू द अननोन' त्यांनी साठवलेल्या पैशातून आणली होती. "पहिल्या गाण्याला वाटलं, कव्हरात चुकून दुसऱ्याच कुणाची तबकडी घातलीये," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात परत. मी विचारलं, नुसतं संगीत आवडलं नाही म्हणून इतका राग? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. म्हणाले, "मला मारणारी पोरं गाडीत जे संगीत लावायची ना, तसलं होतं ते."

आता बोला!

आपल्याकडेही हे नवीन नाही. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ महाराजांची भूमिका केली. आवाज तोच, गळा तोच, पण ज्यांनी त्यांना शालू नेसलेलं पाहिलं होतं त्यांना हे पुरुषवेषातले नारायणराव काही पचले नाहीत. कुमारजींचं क्षयाच्या आजारानंतरचं, माळव्याच्या लोकगीतांतून उगवलेलं गाणं घ्या. त्यावर किती वर्षं वाद झडले! पण आपल्याकडे भांडणाचा मुद्दा परंपरा मोडली हा असतो. पंकची गंमत अशी की ज्याचा धर्मच मुळी 'परंपरा मोडा' हा, त्याची परंपरा चार वर्षांत इतकी कडक झाली की सिंथेसायझर म्हणजे विटाळ.

याच काळात शेजारच्या हर्मोसा बीचवर ब्लॅक फ्लॅग नावाचा बँड हाच प्रयोग वेगळ्या वाटेने करत होता. त्याचा म्होरक्या ग्रेग गिन आम्हा इंजिनियर लोकांच्या बिरादरीतला. शाळेत असताना हौशी रेडिओवाल्यांना टपालाने सुटे भाग विकण्याचा धंदा करायचा. त्या धंद्याच्या नावातली एसएसटी ही अक्षरं पुढे त्याच्या रेकॉर्ड कंपनीची झाली. (सॉलिड स्टेटवाली. लाल डबा मनात आणू नका.) एका वितरक कंपनीशी कोर्टकचेरी झाल्याने बँडला जवळजवळ दोन वर्षं नवा अल्बम काढता आला नाही, गिनला काही दिवस तुरुंगवारीही घडली. सुटका झाल्यावर १९८४ च्या मार्चमध्ये आला 'माय वॉर'. पहिली बाजू ओळखीची. दुसऱ्या बाजूला फक्त तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांहून लांब, आणि लय अशी की रोडरोलर चाललाय. शिवाय बँडने केस वाढवलेले! कार्यक्रमांत थुंकणं, शिव्या, गायक हेन्री रॉलिन्सला ठोसे, सगळं झालं. रॉलिन्सच्या 'गेट इन द व्हॅन' या १९९४ च्या पुस्तकात या दौऱ्यांचं वर्णन आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. पण गिन मागे हटला नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या काही लांब केसांच्या पोरांना मात्र ती दुसरी बाजूच आवडली. त्यातला एक कर्ट कोबेन. सिअ‍ॅटलचं ग्रंज म्हणून जे पुढे जगभर गाजलं, त्याची बरीचशी जमीन त्या तीन कंटाळवाण्या गाण्यांनी नांगरलेली आहे.

बॅड रिलिजन मात्र मागे फिरले. १९८५ ला छोटी तबकडी काढली, नाव 'बॅक टू द नोन'. अज्ञातातून परत ज्ञातात. माफीनामा म्हणा, किंवा स्वतःवरच केलेला विनोद. १९८८ चा 'सफर' हा अल्बम म्हणजे १५ गाणी, २६ मिनिटं. त्याने दक्षिण कॅलिफोर्नियातलं मरगळलेलं पंक पुन्हा उभं केलं यावर बहुतेकांचं एकमत आहे. यात चाहत्यांचा विजय झाला असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. 'सफर'मधली तीन आवाजांची एकमेकांत गुंफलेली सुरावट पहिल्या अल्बममध्ये नाही. अज्ञातात जाऊन त्यांनी सिंथेसायझर टाकून दिला, पण सूर लावण्याची लाज सोडून आले. हा माझा तर्क आहे, तज्ज्ञांनी हवा तर खोडावा. ग्रॅफिनने पुढे कॉर्नेलमधून २००३ मध्ये डॉक्टरेट घेतली, उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या धर्मविषयक मतांवर. २०११ मध्ये चीनमध्ये सापडलेल्या एका प्राचीन पक्ष्याच्या जीवाश्माला त्याचं नाव दिलं गेलं. माझ्या डॉक्टरेटनंतर माझं नाव फक्त पत्रपेटीवर आलं. असो.

आता उत्तरेकडे, बर्कलीला. तिथे ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर १९८६ च्या ३१ डिसेंबरला एक क्लब सुरू झाला. 'मॅक्सिमम रॉकनरोल' मासिकाचा टिम योहॅनन आणि त्याची मित्रमंडळी यांनी उभा केलेला. दारू नाही, वयाची अट नाही, वंशद्वेष चालणार नाही, काम सगळं स्वयंसेवकांचं. गुंड स्किनहेड टोळ्यांनी तेव्हा पंकच्या कार्यक्रमांत उच्छाद मांडला होता, त्यावरचा हा उतारा. आणि एक नियम: बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे मंच नाही.

ग्रीन डे हा याच क्लबात वाढलेला बँड. १९९३ मध्ये त्यांनी वॉर्नरच्या रीप्राइझ कंपनीशी करार केला आणि गिलमनचं दार बंद झालं. १ फेब्रुवारी १९९४ ला आलेला 'डूकी' एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. जुने चाहते म्हणू लागले, आवाज गुळगुळीत झाला, रेडिओछाप झाला, विकले गेले.

इथे माझ्यातला संशोधक जागा होतो. कारण 'वेलकम टू पॅरडाइज' हे गाणं 'डूकी'त आहे, आणि त्याआधीच्या, छोट्या लुकआउट कंपनीच्या 'कर्प्लंक'मध्येही आहे. तेच गाणं, तीच तीन माणसं! दोन्ही पाठोपाठ ऐका. दुसऱ्यात ड्रम जास्त स्वच्छ आहेत, गिटार जाड आहे, बस्स. बॅड रिलिजनच्या बाबतीत कंपनी तीच, घरचीच, फक्त संगीत बदललं होतं. इथे संगीत जवळपास तेच आणि फक्त कंपनी बदलली. दोन्हीकडे आरोप मात्र एकच. दहा वर्षांच्या फरकाने घडलेल्या गोष्टींना नियंत्रित प्रयोग म्हणता येत नाही, हे मला समजतं. तरी सुद्धा.

पण गिलमनवाल्यांना सोवळे म्हणून हसण्यावारीही नेऊ नये. ध्वनिमुद्रण अभियंता स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्ये एका लेखात काल्पनिक बँडचा हिशेबच मांडला होता. अडीच लाख डॉलरची उचल घेतलेल्या चौघांच्या हातात सगळी वजावट होऊन प्रत्येकी सुमारे ४,०३१ डॉलर उरतात, कंपनीला मात्र सात लाखांच्या वर. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहिलं तर तिप्पट मिळाले असते. ग्रीन डे श्रीमंत झाले, पण त्यांच्यामागून सह्या करणारे कितीतरी बँड दोन वर्षांत संपले. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉब्रेकर घ्या. त्यांचा १९९५ चा 'डिअर यू' हा गेफेनने काढलेला अल्बम पडला, जुन्या चाहत्यांनी मंचाकडे पाठ फिरवली, १९९६ मध्ये बँड मोडला. (२०१७ मध्ये पुन्हा जमले तेव्हा लोक त्याच अल्बमची गाणी मागत होते!)

या रागाची घाणेरडी बाजूही त्याच गिलमनमध्ये दिसली. मे १९९४ मध्ये जेलो बियाफ्रा, डेड केनेडीजचा गायक, तिथे कार्यक्रम बघायला गेला असताना काहीजणांनी 'विकला गेलास' असं ओरडत त्याला मारहाण केली. पायाला जबर दुखापत. ज्या माणसाने आयुष्यभर बड्या कंपनीचा कागद हातात घेतला नाही, स्वतःची छोटी कंपनी चालवली, त्याच्यावर हा आरोप! शाळेत पंकच्या पोरांना मारणारे आता आतच तयार झाले होते.

ग्रीन डे गिलमनमध्ये पुन्हा वाजवायला आले ते मे २०१५ मध्ये. ओकलंडच्या एके प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेचं आगीने नुकसान झालं होतं, तिच्या मदतीसाठीचा कार्यक्रम होता. मधल्या काळात त्यांनी रॉक ऑपेरा केला, ब्रॉडवेवर नाटक झालं, त्या प्रत्येक वेळी जुन्या मंडळींनी नव्याने सुतक पाळलं.

आणि 'इंटू द अननोन'? बँडने ती सत्तावीस वर्षं पुन्हा छापलीच नाही. त्यामुळे झालं काय, की दुकानांनी परत पाठवलेल्या त्या प्रतींना संग्राहक भरमसाट किंमत मोजू लागले. शेवटी २०१० मध्ये तीस वर्षांच्या संचात ती गुपचूप सामील झाली. आमच्या मशिनिस्टसाहेबांनी तो संच घेतलाय. मी विचारलं, आता कशी वाटते?

"चांगली आहे," फिक्श्चरवरची कीस फुंकून टाकत ते म्हणाले. "पण तेव्हा परत केली ते बरोबरच होतं."