पावसाची वाटणी आणि गोवंशाची निवड

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात एकच गोवंश सर्वत्र रुजला नाही, कारण पाऊसच येथे सारखा पडत नाही. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पर्जन्यछायेतील, म्हणजे डोंगराआड ढग रिते होऊन पोहोचतात अशा, कर्जत-जामखेडकडे तो पाच-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास राहतो आणि अनेक वर्षी तेवढाही पडत नाही.

अकोल्याच्या डोंगराळ, अतिपावसाच्या प्रदेशाला डांग म्हणतात आणि तेथील डांगी जनावराची कातडी तेलकट स्राव सोडत असल्याने अंगावर पाणी फारसे मुरत नाही. त्याचे काळे, टणक खूर भातखाचरांच्या चिखलात आणि खडकाळ चढणीवर टिकतात. म्हणूनच दूध बेताचे असूनही महादेव कोळी, ठाकर आणि कानडी समाजांनी हा वंश सांभाळला. राजूरला भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन ही त्याच परंपरेची खूण होय. दक्षिणेकडील कोरडवाहू पट्ट्यात मात्र ज्वारीच्या कडब्यावर निभावणारा, उन्हात लांबचा पल्ला गाठणारा आणि मोटेला व औताला तितकाच उपयोगी पडणारा खिलार बैल पसंत केला गेला.

ही जुनी वाटणी पाटपाण्याने बदलली. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि डांगात पडणारा पाऊस कालव्यांवाटे राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारांत पोहोचला; 1950 च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस व हिरव्या चाऱ्याबरोबर दूधधंद्यालाही आधार मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून, म्हणजे भिन्न वंशांच्या मिलनातून, ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. तिच्यात निम्मा अंश होल्स्टीनचा असून उरलेला जर्सी व गीर यांचा समसमान आहे. परदेशी रक्ताने दूध वाढते आणि गीर रक्ताने उष्णता सोसण्याची ताकद येते, हा त्यामागचा हिशेब होता.

पाटपाण्याने चारा दिला, हवा मात्र बदलली नाही. कडक उन्हाळ्यात संकरित गाय धापा टाकते, चारा कमी खाते, दूध घटते आणि गाभण राहण्याचे प्रमाणही उतरते. त्यामुळे सावली, मुबलक पाणी आणि औषधोपचार यांचा खर्च वाढतो. दुष्काळात पाणी आटले की हीच जनावरे चारा छावण्यांत न्यावी लागतात. तात्पर्य, पूर्वी हवामान वंश ठरवीत असे. आता बाजार वंश ठरवतो आणि हवामान त्याची किंमत वसूल करते.